सोलापुरात सेन्सर लावताय? आधी खांब कुणाचा ते विचारा

गॅलरीत धूळ मोजणारा सेन्सर लावला आणि आठवडाभरात मला शेजारच्या आक्कांच्या अंघोळीची वेळ पाठ झाली. रोज पहाटे सहा-दहाच्या आसपास आलेखात एक शेंडा ताठ उभा राहायचा आणि पाऊण तासात खाली बसायचा. आधी वाटलं, कोपऱ्यावर कुणीतरी कचरा पेटवतंय. मग वाटलं, झाडलोटीची धूळ असेल. शेवटी एकदा त्या वेळेला उठून गॅलरीत उभा राहिलो. खालच्या अंगणात आक्कांचा तांब्याचा बंब पेटलेला आणि त्याचा धूर सरळ माझ्या पेटीत शिरतोय. मोठ्या कौतुकानं त्यांना मोबाईलवर आलेख दाखवला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी कधी न्हाते ते आता समद्या गावाला दिसतंय म्हण की!"

दिसतच होतं. आलेख मी सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, तोही घराच्या ठिकाणासकट.

सेन्सर लावणं सोपं आहे, सुटे भाग घरपोच येतात. तो कुणाच्या भिंतीवर लावायचा, त्यात नकळत कुणाची दिनचर्या टिपली जाते आणि त्यातलं काय लोकांपुढे ठेवायचं, हे ठरवायला वेळ लागतो. हा लेख नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: प्रकल्प करणारी कॉलेजची पोरं, सोसायटीचे सेक्रेटरी, एखादं उत्साही मंडळ. पहिला भाग आपला सेन्सर लावून त्याची माहिती खुली करण्याचा, दुसरा महापालिकेकडे आधीच असलेली माहिती मागून घेण्याचा. दुसरा भाग जास्त कामाचा आहे, पण लोकांना पहिल्याचीच हौस असते, म्हणून त्याच क्रमानं जाऊ.

नियम एका पुस्तकात नाहीत

महापालिकेत जाऊन "सेन्सरची परवानगी कुठल्या टेबलावर मिळते?" असं विचारलंत तर तुम्हाला चार टेबलं फिरवतील, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नसेल. हा विषय वेगवेगळ्या कायद्यांत वाटला गेलाय. खांब, रस्ता, बाग, पाण्याची टाकी या महापालिकेच्या मालमत्ता, म्हणून तिथं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. सेन्सर रेडिओ लहरींवर बोलत असेल तर दूरसंचार विभागाचे नियम. माणसांविषयी काही टिपत असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. आणि सरकारी माहिती मागायची तर २००५ चा माहितीचा अधिकार. म्हणून प्रश्न बदलून विचारा. "सेन्सर लावू का?" याऐवजी "दिव्याच्या या खांबावर अर्ध्या किलोची पेटी सहा महिने बांधायची आहे, कुणाची संमती लागेल?" या प्रश्नाला उत्तर मिळतं.

थोडी पार्श्वभूमी हवी. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत महाराष्ट्रातून पुण्यासोबत सोलापूरचं नाव आलं. कामांसाठी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड ही वेगळी कंपनी उभी राहिली. केंद्राची ती योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. नवख्या माणसाला याचं काय? इतकंच, की योजनेच्या काळातली एखादी नोंद महापालिकेकडे असेल किंवा कंपनीकडे, आणि अर्ज करताना हे ध्यानात ठेवावं लागतं. पुढे त्यावर येतोच.

पायरी १: काय मोजायचं आणि कशासाठी

हे एका वाक्यात लिहून काढा. "शहराचं प्रदूषण मोजायचं" हे वाक्य नापास. "शाळा सुटायच्या वेळी आमच्या रस्त्यावर धूळ किती वाढते" हे पास. वाक्य लिहिता आलं नाही तर खरेदी करू नका, पुढचं सगळं याच वाक्यावरून ठरतं.

पायरी २: भिंत, खांब आणि पोच

पहिला सेन्सर स्वतःच्या घरावर लावा. भाड्यानं राहत असाल तर मालकाला सांगा, सोसायटी असेल तर कमिटीचं एका ओळीचं पत्र घ्या. गच्ची सगळ्यांची असते, आणि वायरवरून होणारी भांडणं धुळीवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा जास्त दिवस टिकतात.

सार्वजनिक जागेवर लावायचा असेल तर आधी खांब ओळखायला शिका. रस्त्यावरचा प्रत्येक खांब महापालिकेचा नसतो. ज्यावरून घरांना वीज जाते तो महावितरणचा. त्याला हात लावायचा नाही, शिडी टेकवायची नाही, "फक्त दोन मिनिटं" म्हणायचं नाही. नुसता रस्त्याचा दिवा असेल तर महापालिकेच्या विद्युत विभागाकडे चौकशी करा. टेलिफोनचे, केबलचे खांब आणखी वेगळ्यांचे. भुईकोट किल्ल्याची भिंत छान उंचीवर आहे आणि तिथून तलावही दिसतो, म्हणून एका उत्साही गटानं तिथं पेटी लावायचं मनावर घेतलं होतं. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. तिथं महापालिकेची परवानगी चालत नाही आणि खिळा तर मुळीच नाही.

अर्ज माननीय आयुक्तांच्या नावे करायचा आणि एक प्रत आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयाला, म्हणजे ज्याला आपण झोन म्हणतो तिथं, द्यायची. अर्जात लिहायचं ते असं: खांबाचा क्रमांक (बहुतेक खांबांवर रंगवलेला असतो), त्याचा फोटो, पेटीचं वजन आणि माप, जमिनीपासून उंची, वीज स्वतःच्या सौर पट्टीवर चालेल आणि दिव्याच्या तारेतून घेणार नाही हे स्पष्ट वाक्य, पेटीत कॅमेरा किंवा आवाज ध्वनिमुद्रित करणारं काहीही नाही, किती महिने राहील, कोण उतरवेल, काही नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची आणि मिळणारी माहिती महापालिकेला फुकट देऊ. हे शेवटचं विसरू नका. साहेबांच्या मनातला "यात आमचं काय?" हा प्रश्न त्यानं सुटतो.

पेटीवर प्रायोजक दुकानाचं नाव छापायचा मोह टाळा. नाव आलं की ती जाहिरात होते, आणि जाहिरातीला महापालिकेची वेगळी परवानगी आणि शुल्क लागतं. पेटीवर दोनच गोष्टी हव्यात: ‘हे धूळ मोजणारं यंत्र आहे’ आणि गटाचा एक फोन नंबर. बेवारस पेटी दिसली की लोक पोलिसांना फोन करतात, आणि बरोबर करतात.

अर्ज दिल्यावर आवक-जावकच्या टेबलावरून आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खाली उतरू नका. शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे नुसत्या गप्पा. माझा पहिला अर्ज असाच तोंडी आश्वासनावर दिला होता. दोन महिन्यांनी विचारायला गेलो तर साहेबांची बदली झालेली आणि अर्ज कुणाच्याच ध्यानात नव्हता.

पायरी ३: लहरी आणि सिमकार्ड

घरातल्या वायफायवर चालत असेल तर ही पायरी सोडा.

दूरवर माहिती पाठवायला बरेच जण लोरा नावाचं रेडिओ मॉड्यूल घेतात. बाजारात ते ४३३, ८६८, ९१५ अशा आकड्यांचं मिळतं आणि विकणारा काहीही ठोकून देतो. भारतात या कामासाठी परवान्याशिवाय वापरायला मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणून ८६८ लिहिलेला बोर्ड घेऊन सॉफ्टवेअरमध्ये भारताचा पट्टा निवडायचा. ९१५ चा बोर्ड अमेरिकेसाठी असतो, आपल्याकडे तो मोबाईलच्या लहरींना जाऊन भिडतो. स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. मोबाईलचं सिम टाकणार असाल तर ते गटातल्या एका जबाबदार माणसाच्या नावावर असू द्या. उद्या हेच काम दुसऱ्यांसाठी पैसे घेऊन करायला लागलात, तर यंत्र-ते-यंत्र सेवा देणारे म्हणून दूरसंचार विभागाकडे नोंदणी लागते. तोवर डोक्याला ताप नको.

पायरी ४: ऊन, तूस आणि दमटपणा

ही पायरी कागदी नियमांत सापडत नाही, पण सोलापुरातले निम्मे सेन्सर इथंच मरतात असं माझं मत झालंय.

स्वस्तातला प्रसिद्ध सेन्सर एसडीएस०११. आत छोटा पंखा हवा ओढतो, लेसरचा किरण त्या हवेतून जातो, धुळीच्या कणांवर आपटून विखुरलेल्या प्रकाशावरून आकडा काढला जातो. उत्पादक सांगतो, लेसरचं आयुष्य ८,००० तास. अखंड चालवलात तर अकरा महिन्यांत संपला. म्हणून दर पाच मिनिटांतला एकच मिनिट चालवा, त्यानं काही बिघडत नाही. वापरायची तापमान मर्यादा ५० अंश. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सावलीतच पारा ४२-४३ ला जातो, मग पत्र्यावर बंद डब्यात काय होत असेल बघा. पेटी पांढरी हवी, उत्तरेच्या बाजूला, सावलीत, खालून उघडी. लिथियमचे सेल तर ४५ अंशांच्या वर चार्ज करूच नयेत. ते पेटीच्या बाहेर वेगळ्या हवेशीर डब्यात ठेवा. आमचा एक सेल उन्हाळ्यात फुगून पापडासारखा झाला होता.

दुसरा शत्रू खास आपल्या गावचा. साखर पेठेत एका मित्राच्या घरी, यंत्रमागाच्या शेडला लागून, आम्ही पेटी टांगली. पंधरा दिवस आकडे सुरेख, मग एका जागी गोठले. सकाळ, दुपार, रात्र तोच आकडा. उघडून पाहिलं तर पंख्याच्या पात्यांवर कापसाच्या तुसाची मऊ गादी तयार झालेली. टॉवेलाच्या कडेला असते तशीच, फक्त राखाडी. पंखा फिरत नव्हता, आतली जुनी हवाच सेन्सर पुन्हा पुन्हा मोजत होता. तेव्हापासून हवा शिरते त्या तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि दर पंधरा दिवसांनी कोरड्या रंगाच्या ब्रशनं सफाई. पाणी लावायचं नाही. आणि आकडा सहा तासांत हललाच नाही तर मोबाईलवर इशारा यावा अशी सोय करा. हवा कधी इतकी स्थिर नसते.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. हवेत दमटपणा चढला की लेसरला पाण्याचे सूक्ष्म थेंबही धूळच वाटतात, आकडा फुगतो. म्हणून शेजारी तापमान-आर्द्रतेचा छोटा सेन्सर लावा आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असताना आलेले आकडे वेगळे खुणेनं ठेवा. उलट बाजूनं, रस्त्याची जाडसर धूळ, जी आपल्याकडे भरपूर आहे, ती हे स्वस्त सेन्सर नीट पकडत नाहीत. पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा तरी कामाचा असतो, पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा मी लोकांपुढे ठेवतच नाही.

आकडा खरा आहे का हे कसं ठरवायचं? दोन सेन्सर घ्या आणि आठवडाभर शेजारी शेजारी ठेवा. दोघांचं जमत नसेल तर तिसऱ्याला विचारायची गरजच नाही. जमलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या हवा तपासणी केंद्राशी ताडून पाहा. त्या केंद्राचे आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर आणि ‘समीर’ ॲपवर कुणालाही दिसतात. मंडळाच्या कार्यालयात विचारून केंद्राजवळ आठवडाभर पेटी ठेवता आली तर उत्तम, नाहीतर तिथल्या जवळच्या ओळखीच्या गच्चीवर. फरक किती येतो तो लिहून ठेवा, लपवू नका.

हे सगळं कशाला, असं वाटेल. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. म्हणजे तुमच्या आकड्याकडे कुणीतरी बघणार. चुकीचा आकडा घेऊन गेलात तर पुढच्या वेळी बरोबर आकडाही कुणी ऐकणार नाही.

पायरी ५: आकड्याचा जन्मदाखला

‘८७’ असा आकडा कुणाच्या कामाचा नाही. कशाचा, किती वाजताचा, कुठला, कुठल्या यंत्राचा हे सोबत हवं. सीएसव्ही फाइल ठेवा, म्हणजे एक्सेलमध्ये कुणालाही उघडता येईल. रकाने इतकेच: दिनांक-वेळ (भारतीय वेळ, हे लिहून), ठिकाणाचं सांकेतिक नाव, पीएम २.५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये, तापमान, आर्द्रता आणि टिप्पणी. सोबत एक साधं पान जोडा: यंत्राचं मॉडेल, जमिनीपासून उंची, कधी लावलं, कधी साफ केलं, कधी बंद होतं, हवा तपासणी केंद्राशी किती फरक आला. आणि बंद असतानाच्या जागा रिकाम्या सोडा, शून्य भरू नका. शून्य म्हणजे हवा निर्मळ, रिकामं म्हणजे माहीत नाही. हा फरक न केल्यानं आमच्या एका महिन्याची सरासरी इतकी सुंदर आली की आम्हालाच संशय आला.

मानकांशी तुलना करताना घाई नको. पीएम २.५ चं आपलं राष्ट्रीय मानक ६० आहे, पण ते चोवीस तासांच्या सरासरीचं. वर्षाच्या सरासरीला ४०. पहाटे सहा-दहाचा बंबाचा एक शेंडा २०० ला गेला म्हणून "धोक्याची पातळी तिप्पट ओलांडली" असा मजकूर व्हॉट्सॲपवर टाकणं म्हणजे फोडणीचा धूर बघून अग्निशमनला फोन करण्यासारखं.

पायरी ६: यात माणूस कुठं दिसतो?

आता आक्कांकडे परत. धुळीचा आकडा हा काही वैयक्तिक डेटा नाही. पण ठिकाण अगदी घराइतकं नेमकं आणि वेळ मिनिटाइतकी नेमकी, असं दोन्ही जुळलं की त्या आकड्याला माणसाचा चेहरा येतो. कायद्याची व्याख्याही हेच सांगते: ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते, ती वैयक्तिक. घरगुती, खाजगी वापरासाठी ठेवलेल्या नोंदींना तो कायदा लागू होत नाही, पण नोंदी जगासाठी खुल्या केल्यावर "हे तर माझं घरगुती काम" असं म्हणत बसू नये.

माझे उपाय दोन. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर तीनच अंकांपर्यंत द्यायचे. त्यानं जागा साधारण शंभर मीटरपर्यंत पुसट होते, गल्ली कळते पण अंगण कळत नाही. आणि मिनिटाचे आकडे स्वतःकडे ठेवायचे, लोकांना तासाची सरासरी द्यायची.

पाण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि कधी येणार हे चावीवाल्याला आणि देवाला माहीत. म्हणून हौदात तरंगता सेन्सर टाकून "पाणी आलं" असा निरोप मोबाईलवर घेणं ही खरोखर कामाची गोष्ट आहे. जुळे सोलापुरातल्या एका गल्लीनं हे केलं आणि उत्साहात प्रत्येक घराच्या टाकीची पातळी खुल्या पानावर लावली. एका ताईंच्या ध्यानात आलं: ज्या घराची टाकी चार दिवस जराही खाली उतरली नाही, ते घर बंद आहे, माणसं गावाला गेलीत. चोराला यापेक्षा सोपा नकाशा कुठं मिळणार? तेच पान आता फक्त एवढं सांगतं की या भागात पाणी इतक्या वाजता सुरू झालं, इतक्या वाजता गेलं. दहा घरांपैकी तीन घरांत आलं की वेळ नोंदायची, कुठल्या तीन हे कुणालाच कळत नाही. फायदा तितकाच, धोका गेला.

आवाजाचा सेन्सर लावणार असाल तर फक्त डेसिबलचा आकडा साठवा, आवाज नाही. खाली कट्ट्यावर बसलेल्यांचं बोलणं साठवलंत तर तुमची खैर नाही. ध्वनी नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीच्या दिवशी आलेख कुठं जातो ते सांगायला नको. पण तक्रारीत पुरावा म्हणून घरगुती पेटीचा आकडा चालेल अशी आशा ठेवू नका. तपासणीचं प्रमाणित यंत्र वेगळं असतं, तुमचा आकडा त्यांना बोलावून आणण्यापुरता.

कॅमेऱ्याबद्दल माझा सल्ला एका शब्दाचा आहे: नको. गाड्या मोजायच्या असतील तर दोन पोरांना कोपऱ्यावर चहा पाजून बसवा.

पायरी ७: खुलं करताना अटी लिहा

"सगळ्यांसाठी खुलं" असं नुसतं म्हणून भागत नाही. फाइलसोबत परवान्याची एक ओळ हवी. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय ४.०’ परवाना सोपा: कुणीही वापरा, बदला, विका, फक्त आमचा उल्लेख करा. सरकारी खुल्या डेटाला २०१७ पासून स्वतःचा परवाना आहे. त्यातही वापर मोकळा, पण स्रोताचा उल्लेख लागतो आणि "सरकारनं आमच्या निष्कर्षाला मान्यता दिली" असा आव आणता येत नाही. दोन्हीकडचे आकडे एकाच आलेखात मांडलेत तर कुठली रेघ कुणाची हे रंगानं वेगळं दाखवा.

पायरी ८: महापालिकेकडची माहिती कशी मिळवायची

इथं धीर धरा, सगळ्यात जास्त हाताला लागतं ते इथंच.

केंद्राचं खुल्या माहितीचं धोरण २०१२ चं आहे. त्याच वर्षी सरकारी खुल्या डेटाचं पोर्टल सुरू झालं, आणि स्मार्ट शहरांनी एक सिटी डेटा ऑफिसर नेमून आपल्या माहितीच्या याद्या तिथं द्याव्यात अशी नंतर अपेक्षा ठेवली गेली. म्हणून आधी पोर्टलवर सोलापूर शोधा, मग महापालिकेच्या संकेतस्थळावर माहिती अधिकाराच्या कलम ४ खालची स्वतःहून जाहीर केलेली माहिती वाचा. दोन्ही वाचल्याशिवाय अर्ज करू नका. आधीच जाहीर असलेलं मागितलंत तर तीस दिवस वाट बघून एक लिंक मिळते.

मग अर्ज. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. आपल्या राज्याचा नियम ध्यानात ठेवा: मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. पाणी आणि हवा एकाच अर्जात कोंबलंत तर अडकलात. मजकूर असा असू द्या:

"महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाने आमच्या भागातील वितरण टाकीवर दि. १ ते ३१ या कालावधीत नोंदवलेली पाण्याची पातळी व पाणी सोडल्याच्या वेळा, ज्या स्वरूपात कार्यालयात साठवलेल्या आहेत त्याच स्वरूपात, संगणकीय असल्यास एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये ईमेलने द्याव्यात. कोणत्याही ग्राहकाची वैयक्तिक माहिती नको आहे."

महिना आणि वर्ष नीट भरा, टाकीचं नाव घाला. यातला प्रत्येक तुकडा अनुभवानं आलाय. "ज्या स्वरूपात साठवलेल्या आहेत" हे नसलं तर उत्तर येतं: माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. कायद्यानं असलेली माहिती द्यायची असते, नवी तयार करून नाही, म्हणून "सरासरी काढून द्या", "कारणं सांगा" असलं काही मागू नका, ते गणित घरी करा. "एक्सेल किंवा सीएसव्ही" हे लिहिलं नव्हतं तेव्हा एका कार्यालयानं मला एक्सेलच्या तक्त्याच्या छापील झेरॉक्स दिल्या, दोन रुपये पान या दरानं, आणि पानाबाहेर गेलेले उजवीकडचे दोन रकाने कापलेले. त्या दोन रकान्यांतच वेळा होत्या. संगणकात असलेली माहिती संगणकीय रूपात मागण्याचा हक्क कायद्यातच आहे, आणि कार्यालयाच्या कामावर अवाजवी ताण पडत नसेल तर मागितलेल्याच रूपात द्यावी असंही आहे. "वैयक्तिक माहिती नको" हे वाक्य हल्ली जास्तच गरजेचं झालंय. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाचे शब्द बदललेत, नकार द्यायची वाट रुंद झालीय. घरनिहाय मीटर वाचन मागितलंत तर हाती काही लागणार नाही. टाकीनिहाय, भागनिहाय मागा.

अर्ज कुणाकडे करायचा, महापालिका की स्मार्ट सिटीची कंपनी? नेमकं कळत नसेल तर महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर त्यांनी तो अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. "आमच्याकडे नाही" असं म्हणून परत करता येत नाही. महापालिकेच्या आवारात इंद्रभुवनाची देखणी इमारत बघत बसायला हरकत नाही, पण आवक क्रमांक घेतल्यावर.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. बरेच जण इथं चिडून सोडून देतात. सोडू नका, माझ्या दोन अर्जांना खरी माहिती अपिलाच्या सुनावणीतच मिळाली, तीही समोर बसून, चहासकट. मुदत उलटून गेल्यावर दिलेल्या माहितीचं शुल्क घेता येत नाही, हेही नम्रपणे आठवण करून द्या. तिथंही जमलं नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि त्याला किती काळ लागेल याची वाट न बघता आपलं मोजणं चालू ठेवा.

पायरी ९: नंतरची देखभाल

पेटी लावली की काम संपत नाही. परवानगीची तारीख संपायच्या आधी मुदतवाढ मागा किंवा पेटी उतरवा, आणि उतरवल्यावर खांबावरच्या पट्ट्याही काढा. फाइलमध्ये चूक सापडली तर जुनी फाइल गुपचूप बदलू नका, नवी फाइल टाका आणि काय बदललं ते एका ओळीत लिहा. वर्षातून एकदा महापालिकेला आपली सगळी नोंद पत्रासोबत द्या, पुन्हा शिक्का घेऊन.

टिप्पणीचा रकाना मात्र रोज भरा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री आकडा चढतो. दिवाळीत चढतो. रस्ता खोदला की चढतो. त्या दिवशी काय झालं होतं हे लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी तो शेंडा बघून तुम्हीच डोकं खाजवत बसाल. पहाटे सहा-दहाच्या शेंड्यापुढे माझ्या रकान्यात "जवळचा धूर" एवढंच लिहिलेलं आहे. आक्कांनी ते स्वतः वाचून घेतलं, आणि मग पेटी तिथंच राहू दिली.